पडसाद उमटले, म्हणजे नेमके काय झाले?

महाविद्यालयाच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक शब्द हटकून भेटतो. ‘घटनेचे विधिमंडळात तीव्र पडसाद’, ‘निर्णयाचे राज्यभर पडसाद’, ‘अमेरिकेतील घसरणीचे मुंबई बाजारात पडसाद’. मथळ्यांची ही धाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की आपण ती वाचतो, काही तरी घडले असे समजतो आणि पान उलटतो. पण शेजारच्याने विचारले, ‘म्हणजे नेमके काय झाले हो?’ तर पंचाईत होते. मोर्चा निघाला? सभागृह तहकूब झाले? दगडफेक झाली? भाव उतरले? या साऱ्यांना मराठी वर्तमानपत्रात एकच शब्द पुरतो. जो शब्द इतक्या ठिकाणी चालतो तो निरुपयोगी खचितच नसणार. परंतु तो काय सांगतो आणि काय झाकतो, हे एकदा नीट पाहून घ्यावयास हवे.

शब्द मोठा जुन्या घराण्यातला आहे. संस्कृत ‘प्रतिशब्द’ याचे प्राकृतात ‘पडिसद्द’ झाले आणि मराठीत आला ‘पडसाद’. ‘प्रति’चा ‘पड’ झालेले शब्द आपल्याकडे आणखीही आहेत : पडछाया, पडजीभ. प्रतिपदेचा पाडवा झाला तोही याच वाटेने. ‘शब्द’चे ‘सद्द’ आणि मग ‘साद’ होणे हे ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि मग ‘सात’ होण्यासारखेच. तेव्हा पडसाद म्हणजे उलटून आलेली साद, इतका साधा अर्थ.

गंमत अशी की ‘प्रतिसाद’ हा शब्दही याच दोन तुकड्यांचा बनलेला आहे. त्यातला ‘प्रति’ तेवढा संस्कृत पोशाखात राहिला. अर्थ मात्र पार वेगळे झाले. प्रतिसाद कोणी तरी ‘देतो’. पडसाद आपोआप ‘उमटतात’. रक्तदान शिबिराला प्रतिसाद मिळतो, भागविक्रीला उदंड प्रतिसाद मिळतो. करवाढीचे मात्र पडसाद उमटतात. चांगल्याला प्रतिसाद आणि वाईटाला पडसाद, अशी वाटणी वर्तमानपत्रांनी नकळत करून टाकली आहे. म्हणूनच पडसाद हा शब्द चांगल्या अर्थाने वापरावयाचा झाला, तर आधी ‘अनुकूल’ किंवा ‘सकारात्मक’ असे विशेषण चिकटवावे लागते. नुसत्या ‘पडसाद’ने वाचकाच्या मनात गडबड, संताप किंवा घसरणच उभी राहते.

आता मूळचा पडसाद कसा असतो ते पाहू. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत निदान एक दशांश सेकंदाचे अंतर असेल तरच आपल्या कानाला ते दोन वेगळे आवाज वाटतात. म्हणजे जाऊन येऊन ३४ मीटर झाले. भिंत किंवा कडा निदान १७ मीटर दूर हवा. घरातल्या खोलीत पडसाद ऐकू येत नाही आणि माथेरानच्या एको पॉइंटवर येतो, याचे कारण एवढेच. विजापूरचा गोल घुमट सहलीत पाहिलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक असेल. मुहम्मद आदिलशहा १६५६ साली वारला, त्याची ही कबर. सुमारे ३८ मीटर अंतर्व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेले पलीकडे ऐकू येते, आणि एक टाळी वाजवली तर ती अनेक वेळा परत येते. मात्र दर वेळी ती थोडी क्षीण होते आणि शेवटी विरून जाते.

या साध्या निरीक्षणातून पडसादाचे तीन गुण हाती येतात. एक, तो मूळ आवाजापेक्षा नेहमी दुबळा असतो. दोन, तो हाक मारणाऱ्याकडे परत येतो. तीन, त्याला स्वतःची इच्छा नसते. भिंत ‘मी आज उत्तर देणार नाही’ असे म्हणू शकत नाही. ग्रीक पुराणकथेतील एको या वनदेवतेला मिळालेला शापही हाच होता. दुसऱ्याने उच्चारलेले शेवटचे शब्द परत म्हणावयाचे, आपण होऊन काही बोलावयाचे नाही. ही कथा लॅटिन कवी ओव्हिड याने सांगितली.

या तीन गुणांच्या कसोटीवर वर्तमानपत्री पडसाद घासून पाहिला, की तो तिन्ही ठिकाणी उतरत नाही. खरा पडसाद दुबळा. वर्तमानपत्रातला बहुधा ‘तीव्र’. खरा पडसाद हाक मारणाऱ्याकडे परततो. वर्तमानपत्रातला दिल्लीत सुरू होऊन लासलगावात ऐकू येतो. या दोन विसंगती सोडून द्याव्यात. भाषेत शब्दांचे अर्थ सरकतच असतात आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकाने त्यांना दटावण्याचे कारण नाही. तिसरी विसंगती मात्र सोडून देण्यासारखी नाही. खऱ्या पडसादाला इच्छा नसते. वर्तमानपत्रात ज्यांना पडसाद म्हटले जाते ती मात्र माणसांची कृत्ये असतात, आणि माणसांना इच्छा असते.

येथे व्याकरणाचाही हात आहे. ‘निषेध केला’ असे लिहिले की वाचक विचारतो, कोणी केला? ‘संप केला’, ‘भाव पाडले’, ‘घरे जाळली’ या क्रियापदांना कर्ता लागतो. ‘उमटणे’ हे अकर्मक क्रियापद. वाळूत पाऊल उमटते, पाठीवर वळ उमटतो, तसे पडसाद उमटतात. वाक्याचा कर्ता खुद्द पडसादच होऊन बसतो आणि करणारी माणसे वाक्याच्या बाहेर राहतात. रात्री उशिरा बातमी आली, तपशील पुरते हाती नाहीत, मथळ्याला जागा दोन स्तंभांची, अशा वेळी उपसंपादकाला हा शब्द सोयीचा वाटावा यात नवल नाही. पण सोय ही अशी वस्तू आहे की ती हळूहळू सवय होते.

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘एको’ हा शब्द तितकाच फिरतो. त्याची कामे मात्र निराळी आहेत. पहिले काम सहमतीचे. अर्थमंत्र्यांनी एक मत मांडले आणि उद्योगपतींच्या संघटनेने तेच म्हटले, की इंग्रजी बातमीदार म्हणतो, संघटनेने ते मत ‘एको’ केले. दुसरे काम साम्याचे. आजची मंदी पाहून पूर्वीच्या मंदीची आठवण झाली, की तिचे ‘एकोज’ ऐकू येतात. तिसरे काम मागाहून येणाऱ्या छोट्या लाटेचे. १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत जन्मदर फार वाढला होता. ती मुले मोठी होऊन त्यांना मुले झाली तेव्हा पुन्हा जी वाढ दिसली, तिला तिकडचे लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि व्यापारी ‘एको बूम’ म्हणू लागले. तेथे खुद्द वर्तमानपत्रांचीही नावे या शब्दावरून आहेत. इंग्लंडात १८७९ पासून ‘लिव्हरपूल एको’ आहे. फ्रान्समधील व्यापारविषयक दैनिक ‘लेझ एको’ याचा आरंभ १९०८ सालचा. फ्रेंचमध्ये या शब्दाने वर्तमानपत्रातील छोट्या खबरींचाही बोध होतो.

आपल्याकडे बरीचशी व्यापारी बातमी इंग्रजीतून येते आणि घाईने मराठी होते. त्या घाईत ‘एको’ दिसला की ‘पडसाद’ लिहावा, असा मोह होतो. पण वरच्या तिन्ही कामांपैकी एकही काम मराठी पडसाद करीत नाही. सहमतीसाठी आपल्याजवळ एकाहून एक नेमके शब्द आहेत. मत पटले म्हणून कोणी उचलून धरले, तर त्याने ‘दुजोरा दिला’ किंवा ‘अनुमोदन दिले’. विचार न करता मागे मागे म्हटले, तर त्याने ‘री ओढली’. शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणारे झीलकरी ज्याने पाहिले आहेत, त्याला ‘री ओढणे’ आणि ‘झील धरणे’ यांतली खोच सांगावी लागत नाही. इंग्रजी ‘एको’ला हा भेद दाखविता येत नाही, दुजोरा देणारा आणि री ओढणारा त्याला सारखेच. मराठीत मात्र बातमीदाराला ठरवावेच लागते की त्या संघटनेने नेमके काय केले. साम्यासाठी ‘आठवण करून देणारे’, ‘पुनरावृत्ती’, ‘त्याच वळणाचे’ हे शब्द आहेत. मागाहून आलेल्या लहान लाटेला ‘मागची लाट’ म्हटले तरी भागते. भाषा गरीब नाही. घाई श्रीमंत आहे, इतकेच.

साम्याच्या अर्थाने हा शब्द वापरताना आणखी एक धोका असतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यू यॉर्कच्या बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. साहजिकच साऱ्यांना १९२९ आठवले. त्या वर्षीच्या २८ ऑक्टोबरची घसरण सुमारे १३ टक्क्यांची होती आणि तिच्यामागून महामंदी आली होती. ‘१९२९ची पुनरावृत्ती’ असे म्हटले की वाचक मनातल्या मनात महामंदीही जोडून घेतो. प्रत्यक्षात १९८७ नंतर महामंदी आली नाही आणि १९८९च्या ऑगस्टमध्ये निर्देशांक पूर्वीच्या शिखरापलीकडे गेला. साम्य सांगणारा शब्द न बोलता भाकीत करून जातो. त्या भाकितावर विसंबून कोणी आपली पुंजी विकतो, तेव्हा शब्द लिहिणारा त्याच्या शेजारी नसतो.

व्यापारी बातमीत ‘पडसाद’ काय गाळतो, याचे जुने उदाहरण मुंबईचेच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या आणि त्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. १८६५च्या वसंत ऋतूत युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करावयाचे होते ते पुरे होईनात आणि एकामागून एक पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. ‘अमेरिकेतील युद्धसमाप्तीचे मुंबईत पडसाद’ असा मथळा या साऱ्याला देता आला असता आणि त्यातले एक अक्षरही खोटे ठरले नसते. पण वाचकाला मधली पायरी कळली नसती. बँकेने भाग तारण ठेवून त्यांवर कर्जे दिली होती. हा निर्णय अमेरिकेत झाला नव्हता. तो मुंबईत, मुंबईच्या माणसांनी केला होता. आवाज अमेरिकेचा असला तरी पोकळी इथली होती.

आजकालचे उदाहरण कांद्याचे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव थांबले. ‘निर्यात शुल्काचे लासलगावात पडसाद’ असे म्हटले की सारे संपले. पण या एका ओळीत तीन निरनिराळी माणसे आहेत. शहरात कांदा महागू नये म्हणून शुल्क लावणारे सरकार. आधीच्या भावाने माल घेऊन बसलेला आणि म्हणून लिलावात उतरावयाचे नाही असे ठरविणारा व्यापारी. आणि चाळीतला कांदा सडण्यापूर्वी विकला पाहिजे अशा चिंतेतला शेतकरी. तिघांचे हित एक नाही. लिलाव थांबले ही व्यापाऱ्याची कृती होती; तिचा भार शेतकऱ्यावरही पडला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली आणि ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. तोपर्यंत कोणी काय केले आणि कोणाला काय सोसावे लागले, हे सांगणारी वाक्ये ‘पडसाद’च्या पोटात गडप झाली, तर कांदा पिकवणाऱ्याला ती बातमी आपली वाटणार नाही.

राजकीय बातमीत तर हा प्रश्न याहून गंभीर होतो. आपल्या पुण्याचाच इतिहास घेऊ. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधीचा मजकूर छापून आला; २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणारे चापेकर बंधू होते. मुंबईच्या काही इंग्रजी पत्रांनी लेखनाचा आणि खुनांचा संबंध जोडला. टिळकांवर खटला झाला तो खुनाचा नव्हे, राजद्रोहाचा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील अप्रीती दर्शविणाऱ्या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका रुंद केला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एका गोष्टीला दुसरीचा पडसाद म्हणण्यात काय शक्ती आहे, ते येथे दिसते. पडसाद म्हटला की हाक मारणारा आपोआप दोषी ठरतो. मधल्या माणसाने स्वतः विचार करून काही केले, ही शक्यताच उरत नाही.

१९०८ साली पुन्हा खटला झाला. या वेळी ‘केसरी’तील लेखांचे इंग्रजी भाषांतर ज्यूरीपुढे होते, आणि टिळकांनी आपल्या बचावात सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी करून शब्दाशब्दावर हरकत घेतली. मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीपुढे मराठी शब्दाचे काय होते, हे त्यांना कळत होते. २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. सरकारने लष्कर रस्त्यावर आणले, गोळीबार झाला, माणसे मेली. दूर जिनिव्हात असलेल्या लेनिन यांनीही त्याच वर्षी या संपाची नोंद घेतली. ‘शिक्षेचे गिरणगावात पडसाद’, असे वाक्य आपण किती सहज लिहितो! पण सहा वर्षांना सहा दिवस हा हिशेब घुमटाने केलेला नाही. दिवसाचा रोज बुडवून, गोळीचे भय पत्करून, आजही गिरणीत जावयाचे नाही हे कामगारांनी सहा सकाळी ठरविले. त्याला पडसाद म्हणणे म्हणजे त्यांचे शहाणपण आणि धैर्य दोन्ही भिंतीच्या खात्यावर मांडणे होय.

हाच शब्द उलट दिशेनेही अन्याय करतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जमावांनी दलित वस्त्यांवर हल्ले केले, घरे जाळली, माणसे मारली. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. आता ‘नामांतराच्या ठरावाचे मराठवाड्यात पडसाद’ हे वाक्य वाचून पाहावे. ठराव ही हाक, जाळपोळ हा पडसाद. मग दोष कोणाचा? वाक्याच्या रचनेनुसार ठरावाचा! काडी लावणारा हात वाक्यात कोठेच नाही. जणू एका सभागृहात नाव उच्चारले गेले आणि दूरच्या खेड्यातल्या झोपडीने आपोआप पेट घेतला. गिरणी कामगारांच्या बाबतीत या शब्दाने श्रेय पुसले. येथे त्याने अपराध पुसला. दोन्ही ठिकाणी पुसला गेला तो कर्ताच.

याचा अर्थ हा शब्द वर्तमानपत्रांतून हद्दपार करावा, असा मुळीच नाही. पुष्कळ लोक, पुष्कळ ठिकाणी, निरनिराळ्या प्रकारे काही करतात आणि त्या साऱ्याला एक ओझरते नाव हवे असते, तेव्हा ‘पडसाद’ चांगले काम करतो. मथळ्यात तो खुशाल असावा. मात्र मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. साद कोणाची होती? उत्तर कोणी दिले? आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत गोष्ट कोणत्या वाटेने पोहोचली : बँकेच्या कर्जातून, बाजार समितीच्या लिलावातून, की कोणी पेटविलेल्या अफवेतून? ‘व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवले’ हे वाक्य ‘निर्णयाचे पडसाद उमटले’ यापेक्षा लांब नाही. शब्द तितकेच आणि माहिती दुप्पट.

आपल्यापैकी काही जण पुढे वर्तमानपत्रांत काम करतील, काही जण शिकवतील, आणि वाचणार तर सगळेच. शिवाय आता बातमी छापखान्यातूनच येते असे नाही; खिशातल्या फोनवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलणारे आपण सगळे थोडेफार झीलकरी झालो आहोत. तेव्हा उद्या वाचनालयात ‘पडसाद’ असा मथळा भेटला, की एवढेच करून पाहावे : खालच्या मजकुरात कर्ता शोधावा. तो सापडला तर बातमी पुरी झाली. न सापडला तर ती अजून लिहावयाची राहिली आहे, असे समजावे.